मालेमाच्या मार्गदर्शनाखाली

माझ्या भावाला सगळे 'वेढा' म्हणतात. कारण साधं आहे. गेली वीसेक वर्षं तो दुसरं काही बोलतच नाही. खेड्यांनी शहराला वेढा घालायचा, मग शहर आपोआप पडतं, हे त्याच्या पक्षाचं धोरण. आपण राहतो शहरात आणि आपल्यातल्या एकानेही खेडं धड पाहिलेलं नाही, असं कुणी म्हटलं की तो त्या माणसाला दुरुस्तीवादी, म्हणजे क्रांतीत भेसळ करणारा, ठरवून मोकळा होतो. आमच्या कारखान्याच्या मॅनेजरने एकदा नोटिशीत त्याचं टोपणनाव 'वेडा' असं छापलं होतं. ती चूक दुरुस्त करावी असं मला आजवर वाटलेलं नाही.

मी त्याची थोरली बहीण. बोलायला उभी राहिले की माझी सुरुवात 'मुद्दा असा की' अशी होते, म्हणून मला मुद्देबाई म्हणतात. मी दुसऱ्या पक्षाची सरचिटणीस. माझ्या पक्षाचे सगळे सभासद एका बाकावर आरामात बसतात. त्याच्या पक्षाचे त्याच बाकावर जरा दाटीने बसतील. तो याला जनाधार म्हणतो.

दोन्ही पक्ष माओला मानणारे. दोघांच्या भिंतींवर मार्क्सपासून माओपर्यंतची तीच पाच डोकी, त्याच क्रमाने. भांडण आहे ते शेवटच्या शब्दाचं. माओने जे सांगितलं त्याला आम्ही 'माओ विचार' म्हणतो, ते 'माओवाद' म्हणतात. बाहेरच्या माणसाला यात काही फरक दिसत नाही, पण सगळं त्या एका शब्दावर उभं आहे. विचार म्हणजे आपल्या परिस्थितीवर घासून बघायची गोष्ट; आधी कारखाने, मग संघटना, मग उठाव. वाद म्हणजे जगात कुठेही जशीच्या तशी लागू. म्हणजे सगळीकडे दीर्घकालीन लोकयुद्ध आणि सगळीकडे वेढा. कारखान्यातले लोक आम्हाला विचारवाले म्हणतात आणि त्यांना वादवाले. मी एकदा भर सभेत म्हणाले, "आमच्याकडे विचार आहे, त्यांच्याकडे नुसता वाद!" टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी त्याने मागच्या गेटवर सांगितलं, "क्रांती करायची की नाही यावर विचारवाल्यांचा अजून विचारच चालू आहे!" टाळ्या तिथेही पडल्या, आणि त्या जास्त होत्या हे मला मुद्दाम जिना चढून सांगायला येणारे लोक या जगात आहेत.

फूट पडली ती, ज्यांना आम्ही जन्मात पाहिलं नाही अशा दोन परदेशी पुढाऱ्यांवरून. एका देशातला पक्ष वर्षानुवर्षं डोंगरात लढला, मग खाली उतरून निवडणुकीला उभा राहिला आणि त्याचा नेता पंतप्रधान झाला. मी म्हटलं, लवचिक डावपेच. भाऊ म्हणाला, गद्दारी. दुसऱ्या देशातला नेता तुरुंगात पडला आणि तिथून त्याने समझोत्याचं पत्र लिहिलं, अशी बातमी आली. मी म्हटलं, लिहिलं असेल, थकला असेल बिचारा. भाऊ म्हणाला, असा नेता थकत नाही, पत्र सरकारनेच लिहिलंय. त्या संध्याकाळी तो माझ्या घरातून उठला, जिन्याच्या पलीकडे त्याच्या घरात गेला आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून तो मला 'ताई' म्हणालेला नाही. 'विचार गटाच्या नेत्या' म्हणतो.

दर काही महिन्यांनी तो माझ्यावर लेख लिहितो. त्यात माझं उजवं विचलन, म्हणजे क्रांतीपासून ढळणं, असतंच, पण मधूनच 'लहानपणापासून वाटणीत मोठा तुकडा स्वतःकडे ओढण्याची यांची प्रवृत्ती' असंही वाक्य निसटून जातं. मीही गप्प बसत नाही. 'अंधाराला घाबरणाऱ्यांनी गनिमी युद्धाच्या गप्पा मारू नयेत,' हे माझं त्याच्यावरचं वाक्य मला अजून आवडतं.

आमची दारं समोरासमोर आहेत. मधे जिन्याची थोडी मोकळी जागा. निरोप असला की तो त्याच्या बायकोकरवी द्यायचा, समोर उभे असलो तरी. ती नात्याने माझी धाकटी भावजय, पण अख्खा कारखाना तिला वहिनी म्हणतो म्हणून मीही वहिनीच म्हणते. "अहो, ताई विचारतात, पाण्याची टाकी भरली का?" "त्यांना सांग, भरली." इतकी वर्षं तिने हे केलं आणि आम्हाला त्यात काही गैर वाटलं नाही.

कारखाना बिस्किटांचा. त्याला दोन गेटं. पुढच्या गेटने माणसं आत जातात. मागच्या गेटने मैदा आत येतो आणि बिस्किटं बाहेर पडतात. भट्टी आणि पॅकिंग माझ्या युनियनचं, ट्रकवाले आणि हमाल त्याच्या युनियनचे. एकदा आम्ही संप केला. वादवाल्यांनी पत्रक काढलं की नुसत्या पगारवाढीसाठी लढणं ही क्रांतीशी बेइमानी आहे, आणि मागचं गेट उघडं ठेवलं. गोदामातला माल बाहेर जात राहिला आणि आम्ही मान खाली घालून कामावर परतलो. पुढे त्यांनी संप केला. आम्ही पत्रक काढलं की हे डावं दुस्साहस आहे, जनता अजून तयार नाही, आणि आत बसून पुडे भरत राहिलो. बाहेरचे ट्रक आले आणि तेही आपटले.

मॅनेजरने दोन्ही वेळची पत्रकं जपून ठेवली. आमच्या दोन्ही पक्षांचं साहित्य पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस जगात एकच, आणि तो हा मॅनेजर. वाचून झालं की भावाने माझ्याबद्दल लिहिलेलं तो मला दाखवायचा आणि मी लिहिलेलं भावाला. एवढ्या एका युक्तीवर त्याने कारखाना शांत ठेवला होता.

पॅकिंगमध्ये सरकत्या पट्ट्याच्या कडेला पूर्वीपासून स्टुलं असायची. बसलेल्या बाईचे हात सावकाश चालतात, असा शोध मॅनेजरला लागला आणि एका सकाळी सगळी स्टुलं गायब झाली. पाळीभर उभं राहायचं. वहिनी पॅकिंगलाच, आणि तिचे गुडघे आधीच कुरकुरत होते. तिने काही दिवस सोसलं आणि मग घरातलं लाकडी स्टूल काखेत मारून कामाला गेली. पट्ट्याशी ठेवलं, बसली आणि रोजच्यापेक्षा जास्त पुडे भरले. दुपारच्या जेवणाआधी मॅनेजरने तिला कामावरून काढलं, स्टुलासकट.

मी संध्याकाळी जिना चढून आले तर वहिनी दोन्ही दारांच्या बरोब्बर मधे स्टूल टाकून बसलेली.

"इथे काय बसलीस?"

"घरोघर पक्ष आहे, ताई. एवढीच जागा मोकळी होती."

तेवढ्यात भावाचं दार उघडलं. "आत ये," तो तिला म्हणाला. "कमिटी बोलावलीय. निषेधाचं पत्रक काढतोय."

"वहिनी, त्यांना सांग, आमचं त्यांच्या आधी निघेल," मी म्हणाले.

"अहो, ताई म्हणतात, त्यांचं आधी–" सवयीने वहिनी निम्मं बोलली आणि थांबली. मग तिने दोन्ही हात मांड्यांवर आपटले. "चुलीत घाला दोघांची पत्रकं! तुम्ही मागच्या गेटवर ओरडणार, त्या पुढच्या गेटवर ओरडणार आणि मधल्या मधे मी घरी. मला माझं काम परत पाहिजे आणि बसून पाहिजे. दोन्ही गेटं एकाच दिवशी बंद करा. तोवर मी इथनं हलत नाही. स्वयंपाक नाही, पाणी नाही, आणि तुमचे निरोप तर अजिबात नाहीत. ज्याला ज्याच्याशी बोलायचंय त्याने स्वतःच्या तोंडाने बोलावं."

ही शेवटची धमकी सगळ्यात भारी होती. आम्ही दोघं हादरलो.

दुसऱ्या दिवशी जिन्यावरच संयुक्त बैठक भरली. त्याचे सभासद वर जाणाऱ्या पायऱ्यांवर, माझे खाली जाणाऱ्या पायऱ्यांवर, मधे स्टुलावर वहिनी. भाऊ छताकडे बघत म्हणाला, "विचार गटाच्या नेत्यांनी आधी डोंगरवाल्यांना गद्दार म्हणावं, मग पुढचं बोलू."

मी कठड्याला उद्देशून म्हणाले, "वाद गटाच्या नेत्यांनी आधी ते तुरुंगातलं पत्र खरं होतं हे कबूल करावं."

"ते डोंगरवाले आपल्या पॅकिंगला आहेत का?" वहिनीने विचारलं.

"नाहीत, पण तू समजून घे, हा आंतरराष्ट्रीय चळवळीचा–" भाऊ म्हणाला.

"मग राहू देत त्यांना डोंगरात."

"ते खाली उतरलेत, तोच तर प्रश्न आहे!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो, आणि वरच्या पायरीवरचे दोघे हसले. मग मात्र काम भराभर झालं. मागण्या दोनच: स्टुलं परत, वहिनी परत. तारीख ठरली, गेटं वाटून घेतली. गाडी अडली ती पत्रकाच्या शेवटच्या ओळीवर. तो म्हणाला, 'मार्क्सवाद-लेनिनवाद-माओवादाच्या मार्गदर्शनाखाली.' मी म्हणाले, 'मार्क्सवाद-लेनिनवाद-माओ विचाराच्या मार्गदर्शनाखाली.' ओळ गाळायला दोघंही तयार नव्हतो. ती ओळ नसेल तर आमच्यात आणि साध्या युनियनमध्ये फरक काय राहिला?

तेव्हा जे सुचलं ते मला सुचलं. पुढे कुणी काहीही सांगो, हे डोकं माझं. मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं: मालेमा. मार्क्सचा मा, लेनिनचा ले, माओचा मा. शेवटच्या 'मा'च्या पुढे काय, ते ज्याचं त्याने मनात वाचावं.

भावाने कागद उलटासुलटा करून पाहिला. माझ्या हाताखाली वाढलेला, त्यामुळे यात डाव कुठे आहे हे शोधत होता. सापडला नाही. "चालेल," तो कागदाला म्हणाला. पत्रक छापून आलं तेव्हा त्याच्या तळाशी होतं: 'मालेमाच्या मार्गदर्शनाखाली दोन्ही गेटं बंद!'

संपाच्या सकाळी सगळे आधी पुढच्या गेटवर जमले. पत्रक आधी कुणी वाचायचं यावरून पुन्हा तिढा पडला, म्हणून हातातला भोंगा आम्ही भट्टीवालीकडे दिला. भट्टीवाली म्हणजे भट्टीवर काम करणारी धिप्पाड बाई, आवाज असा की भोंगा नसता तरी चाललं असतं. पक्षाच्या अभ्यासवर्गाला मात्र ती कधी फिरकलेली नाही. तिने मागण्या खणखणीत वाचल्या आणि शेवटी हात वर करून म्हणाली, "मालेमाच्या मार्गदर्शनाखाली!"

गर्दीतून कुणीतरी विचारलं, "मालेमा कोण?"

माहीत नाही असं म्हणणं भट्टीवालीच्या स्वभावात नाही. तिने एक क्षण आम्हा दोघांकडे पाहिलं. "मालेमा माहीत नाही?" ती कडाडली. "या बहीणभावाला एका जिन्यावर आणलं, ती मालेमा!"

आणि काय सांगू, गेट हादरलं. "मालेमाबाईंचा विजय असो!" भट्टीचे लोक ओरडले, हमाल ओरडले, ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवले. इतक्या वर्षांत माझ्या एकाही भाषणाला असा आवाज उठला नव्हता.

मी पुढे झाले, भोंगा घेतला. "मुद्दा असा की, मालेमा ही व्यक्ती नसून–" एवढं बोलले आणि थांबले. पुढे म्हणणार काय? 'विचार' म्हटलं तर मागचं गेट उघडलं. 'वाद' म्हटलं तर माझं अख्खं आयुष्य चुकलं. शेजारी भाऊ उभा होता. त्याचंही तोंड उघडं होतं. त्याने ते मिटलं. मीही मिटलं आणि भोंगा भट्टीवालीला परत दिला. फूट पडल्यापासून आमच्यात एकमताने मंजूर झालेला तो पहिला ठराव.

त्या दिवसापासून मालेमाबाई वाढायलाच लागल्या. हमालांत बोललं जाऊ लागलं की त्या डोंगरात राहून लढल्यात आणि अजून बूट घालून झोपतात. पॅकिंगच्या बायका म्हणायच्या, छे, त्या गिरणीत होत्या, त्यांनी मोठा संप जिंकलाय आणि त्यांचेही गुडघे दुखतात. आम्हाला दोन पक्ष लागले ते लोकांनी एका बाईत बसवून टाकलं. भट्ट्या गार पडल्या, मैद्याची पोती गेटाबाहेर अडकली, गोदामात बिस्किटं नुसती बसून राहिली. दोन्ही गेटं एकदम बंद असली की कारखाना किती शांत असतो, हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

मॅनेजरने मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर भावाचा ताजा लेख उघडा ठेवला होता. "तुमच्या सख्ख्या भावाने लिहिलंय," तो हळहळल्यासारखं करून म्हणाला आणि वाचून दाखवलं: 'या नेत्या स्वतःच्या सावलीलाही सभासद करून घेतील आणि मग तिच्यावरही शिस्तभंगाची कारवाई करतील.'

मला झोंबलं. खोटं कशाला बोलू, फार झोंबलं. वाक्य चांगलं जमलं होतं, त्याचा जास्त राग आला.

"पॅकिंगला स्टुलं देतो," मॅनेजर म्हणाला. "तुम्ही पुढचं गेट उघडा. मागचं माझं मी बघतो."

"आणि वहिनी?"

"ती वेढाची बायको. ते त्याने बघावं. तुम्हाला त्याचं काय पडलंय?"

एका सहीत मी जिंकले असते. माझ्या युनियनची मागणी पूर्ण, भाऊ तोंडघशी, वहिनी जन्मभर जिन्यात. मी त्या लेखाकडे पाहिलं, आणि मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मालेमाबाईंना विचारावं लागेल."

मॅनेजरच्या हातातलं पेन थांबलं. "मग मला त्यांच्याशीच बोलू द्या ना. इथे खुर्ची ठेवतो त्यांच्यासाठी."

"त्या अशा कुणालाही भेटत नाहीत," मी म्हणाले आणि उठले.

घरी आले तर भाऊ त्याच्या दारात उभा होता. वहिनी स्टुलावर बसून भिंतीकडे बघत होती. निरोप बंद म्हणजे बंद. शेवटी भाऊ जिन्यातल्या दिव्याला म्हणाला, "मॅनेजरने आज कुणाचं तरी लिखाण दाखवलं. अंधाराला घाबरण्याबद्दलचं."

"मग?" मी दिव्यालाच विचारलं.

"मालेमाबाईंना विचारून सांगतो म्हणालो."

मला हसू फुटलं. त्यालाही फुटलं. दोघंही दिव्याकडे बघत हसत होतो आणि वहिनी आमच्याकडे, ही दोन्ही माणसं कामातून गेली अशा नजरेने.

पण मॅनेजर काही बावळट नव्हता. वाचणारा माणूस तो. आमच्या जुन्या पुस्तिका त्याने पुन्हा काढल्या आणि कुठल्यातरी तळटीपेतल्या तीन नावांवरून त्याने ती तीन अक्षरं सोडवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या गेटवर बाहेरून मागवलेले ट्रक येऊन उभे राहिले, इंजिनं चालू. मॅनेजर पोत्यांच्या थप्पीवर चढला आणि त्याने भोंगा तोंडाला लावला. तो आवाज पुढच्या गेटपर्यंत ऐकू आला. मी भिंतीच्या कडेने धावत सुटले, मागे सगळं पॅकिंग, आणि सगळ्यात मागे लंगडत, स्टूल काखेत घेऊन वहिनी.

"मालेमा नावाची कुणीही बाई नाही!" मॅनेजर सांगत होता. "तुम्हाला फसवलंय. मार्क्स, लेनिन, माओ अशी तीन नावं आहेत ती! आणि त्यातल्या शेवटच्या 'मा'चा अर्थ काय, यावरून हे दोन पुढारी वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. यांच्या नादाला लागून तुम्ही उपाशी राहताय? विचारा त्यांना. इथे, सगळ्यांसमोर. वाद की विचार?"

हमाल भावाकडे बघू लागले, पॅकिंगच्या बायका माझ्याकडे. पहिल्या ट्रकच्या ड्रायव्हरने गियरवर हात ठेवला. मॅनेजरने वाकून भोंगा थेट भावाच्या हातात दिला. तो हसत होता. त्याला आम्ही पाठ होतो.

भाऊ भोंगा धरून उभा राहिला. त्याचा चेहरा मी लहानपणापासून ओळखते. 'वाद' म्हटलं की माझी माणसं पुढचं गेट उघडणार. नाही म्हटलं तर त्याचा पक्ष त्याला आजच काढणार. त्याने एकदा वहिनीकडे पाहिलं. ती धापा टाकत स्टूल टेकवून त्यावर बसत होती. मग त्याने भोंगा तोंडाशी नेला.

"शेवटच्या शब्दावर आमच्यात वाद आहे," तो म्हणाला. सगळे ऐकत होते. त्याने भोंगा माझ्यापुढे धरला. "ताई, पुढचं तू सांग."

ताई! फूट पडल्यापासून पहिल्यांदा. भोंगा हातात घेतला तेव्हा वाक्य तयार होतं. त्याने मला ते अर्धं करूनच दिलं होतं.

"आणि त्या वादावर," मी म्हणाले, "आमचा विचार चालू आहे. विचार संपेपर्यंत दोन्ही गेटं बंद!"

आधी भट्टीवाली हसली. मग ते हसू गेटभर पसरलं, हमाल पोत्यांवर हात आपटून हसले, मग घोषणा सुरू झाली: "वाद आहे, विचार आहे, गेट बंद आहे!" हमाल 'वाद' जोरात म्हणत होते, बायका 'विचार', आणि 'गेट बंद' सगळे मिळून. पहिल्या ट्रकच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मग दुसऱ्याने. मग ते मागे वळायला लागले, आणि एकाने जाता जाता हॉर्न वाजवून विचारलं, "मालेमाबाईंना आमचा नमस्कार सांगाल का?"

"सांगतो!" भाऊ ओरडला.

दुपारी मॅनेजरने बोलणी करायला बोलावलं. टेबलाच्या अलीकडे तीन खुर्च्या होत्या. तिसरी मालेमाबाईंसाठी म्हणून कधीची ठेवलेली. वहिनी सरळ जाऊन तिच्यावर बसली. "उभं राहायचा नियम पॅकिंगचा आहे ना?" तिने विचारलं. "ऑफिसचा नाही ना?" मॅनेजरने मागण्यांचा कागद पुढे ओढला. संध्याकाळच्या आत सह्या झाल्या. पट्ट्याशी सगळ्यांना स्टुलं, आणि वहिनी कामावर, मधल्या दिवसांच्या पगारासकट.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीचा भोंगा झाला तेव्हा दोन्ही गेटांचे लोक पुढच्या गेटवर उभे होते, मधे वाट सोडून. त्या वाटेने वहिनी एकटी आत गेली, स्टूल काखेत. कंपनीचं नवं स्टूल मिळणार होतं, तरी तिने घरचंच नेलं. म्हणाली, याच्यावरून काढलं, याच्यावरच बसणार. मला रडू आलं आणि मी डोळे पुसलेसुद्धा नाहीत. शेजारी भाऊ नाक ओढत होता. धूर डोळ्यांत गेला म्हणाला, पण भट्टी अजून पेटलीच नव्हती.

काही महिन्यांनी लांबच्या देशातल्या एका बंधुपक्षाचं मासिक आलं, दोन्ही दारांत एक-एक प्रत. त्यात मोठा लेख होता: 'कॉम्रेड मालेमा यांच्या दोन-गेट सिद्धान्ताची चिकित्सा.' कॉम्रेड मालेमा शूर संघटक आहेत, पण त्यांची दिशा स्पष्टपणे उजव्या विचलनाची आहे, असा निष्कर्ष. पुढच्या टपालाने दुसऱ्या देशातल्या पक्षाचं उत्तर आलं: मालेमा उजव्या नाहीत, डाव्या दुस्साहसी आहेत, आणि त्यांच्याभोवती व्यक्तिपूजा माजली आहे. तिसऱ्या एका पक्षाला तर संशय होता की तुरुंगातलं ते पत्र मालेमा यांनीच लिहिलं असावं.

दुपारची वेळ होती, वहिनी पाळीला गेलेली. भाऊ दार उघडून बाहेर आला, हातात तीनही अंक, कान लाल झालेले. मीही बाहेरच आले होते.

"वाचलंस?" तो म्हणाला. "आपल्या मालेमाला उजवी म्हणतात!"

"डावी दुस्साहसी म्हणतात," मी म्हणाले. "ज्यांनी जन्मात एक गेट बंद केलं नाही ते!"

"ताई, पेन आण. सडेतोड उत्तर देऊ."

मी पेन आणि कागद आणले. बसायला काही आहे का म्हणून आम्ही दोघांनी इकडेतिकडे पाहिलं. जिन्यातली ती जागा रिकामी होती. स्टूल कामावर गेलं होतं. मग आम्ही पायरीवरच बसलो, कागद माझ्या मांडीवर, आणि तो सांगत गेला तसं मी लिहीत गेले.